द्वारकाआत्याचा डवला

पणजीत बँकेचं प्रशिक्षण, अकरा दिवस.
आई म्हणाली, लॉजवर कशाला,
डिचोलीला आपली माणसं आहेत.
मी बेळगावहून निघालो
एक किलो कुंदा घेऊन.
तो डबा आत्याने कपाटात ठेवला,
कपाटाला कुलूप होतं,
त्यानंतर कुंदा मी पाहिला नाही.

डवला करवंटीचा होता, बहुधा
कोवळेपणीच गळालेल्या नारळाच्या.
एक डवला शीत. त्यावर हुमण,
शिताला कळू नये इतपत.
आणि मी मान वर करायच्या आत
"पुरो न्हय?"
हा प्रश्न तिच्या तोंडून निघायचा तेव्हा
पातेल्यावर झाकण बसलेलं असायचं.

आमच्याकडे तीनदा नको म्हणायचं असतं,
तिसऱ्या नकोनंतर पान भरतं.
त्याच सवयीने पहिल्या रात्री मी म्हटलं, नको.
माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी
द्वारकाआत्या ही आयुष्यातली पहिली बाई.

बुधवारी बांगडा आला. एक.
डोकं सगुण आतोबांना.
शेपटी मला, "कांटे कमी आसतात" म्हणून.
मधले दोन तुकडे फ्रीजमध्ये, उद्याला.
आत्या नुसत्या सोलकढीशी जेवली.
म्हणाली, मला मासळी फारशी लागत नाही.

रात्री मी उताणा पडून ऐकत राहायचो.
त्या स्वयंपाकघरात उंदीरही फिरत नसे,
त्यांनीसुद्धा दुसरीकडे
कुठं तरी सोय लावली असावी.

सहाव्या दिवशी पहाटे,
पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी,
आज बस लवकर आहे असं खोटं सांगून
बाजारातल्या एका अरुंद हॉटेलात शिरलो.
पाव, पातळभाजी, एक मिरची, पुन्हा पाव.
समोरच्या टेबलावर
वर्तमानपत्राआड कोणी तरी पुरी फोडत होतं.
पान उलटायला वर्तमानपत्र खाली आलं.
सगुण आतोबा.
घरच्या भाषेत, फिरायला गेलेले.

आम्ही काहीच बोललो नाही.
त्यांनी बोटाने पोऱ्याला खूण केली
आणि माझ्यापुढे एक बन्स आला, गरम.
मग अजून एक.
कुणीही नको म्हणालं नाही.
पैसे त्यांनी दिले. दारात थांबून
माझ्या शर्टावरचा पावाचा कण झटकला,
स्वतःच्या मिशा दोनदा पुसल्या
आणि देवळाच्या बाजूने लांबच्या वाटेने गेले.
आत्याचं नाक तिखट होतं.

त्या रात्री, "पुरो न्हय?"
आम्ही दोघं एका सुरात: पुरो!
आत्या इतकी समाधानाने हसली
की मला खाल्लेले दोन बन्स टोचले.
पुढचे पाच दिवसही ते टोचत राहिले,
रोज नवे.

आतोबा गेले त्याला तीन वर्षं झाली.
यंदा चतुर्थीनंतर आत्या आमच्याकडे आली,
गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला.
बायकोला मी सगळं सांगून ठेवलं होतं.
आम्ही ठरवून वाढलं,
तिला लाज वाटेल इतकं.
बांगडे सहा.
मी शेपटीकडचा तुकडा उचलला, गंमत म्हणून,
तर ती म्हणाली,
"मधला दे रे. मला मधलाच आवडतो."

पाच पोळ्या. मग भात.
मग, कुंदा असेल ना घरात?
ती खाली मान घालून जेवत होती, भराभर,
कुणी ताट ओढून नेईल अशी.
मी भाताचं पातेलं घेऊन उभा,
आणि ध्यानात आलं, मी मोजतोय.
आणखी वाढू का, असं विचारायचं होतं.
तोंडातून निघालं,
"पुरो न्हय?"

तिने वर पाहिलं.
"ना," म्हणाली,
आणि ताट पुढे केलं.